स्वस्तातल्या बेस गिटारचे पिकअप बदलण्याआधी

पिकअप (तारांखालचा, त्यांची थरथर टिपणारा चुंबकी भाग) मागवायची घाई करू नकोस. आधी तारा बदल. जुनाट तारांवर कुठलाही पिकअप मेलेलाच वाजतो. मग शेवटच्या फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तार दाबून पिकअपची उंची बघ: जाड तारेखाली साधारण ३ मिमी, बारीक तारेखाली अडीच. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, पैसे वाचतात ते वेगळेच.

तरीही बदलायचाच असेल तर पट्टी घेऊन बस. फेंडरच्या जॅझ बेसमध्ये ब्रिजकडचा (तारा खाली जिथे अडकवतात तिकडचा) पिकअप नेककडच्यापेक्षा (दांड्याकडच्यापेक्षा) लांबीला जरासा मोठा असतो. स्वस्त बेसमध्ये मात्र बरेचदा दोन्ही सारखेच. मी न मोजता जोडी आणली आणि एक खाचेत बसेचना. मग रविवारभर लाकूड घासत बसलो, वर बायकोची बोलणी.

जुन्या वायरी सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढ. सोल्डरिंग करताना आधी पॉटची (आवाजाच्या बटणाखालच्या भागाची) पाठ नीट तापू दे, मग सोल्डर लाव. थंड जोड वरून चांगला दिसतो नि आठवड्यात सुटतो. ब्रिजखालून येणारी अर्थची वायर विसरू नकोस. तारांना हात लावल्यावर गुणगुण थांबत असेल, तर ती जोडलेली आहे.

दोन्ही पिकअप एकत्र चालू केल्यावर आवाज पोकळ, बिनबुडाचा आला तर घाबरू नकोस, फेज उलटी झालीय, म्हणजे दोन पिकअप एकमेकांचा आवाज खातायत. एकाच पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल कर. जुने पिकअप फेकू नकोस हं, बेस विकताना तेच परत बसवायचे.