जुने टीव्ही जपण्याचं शिक्षण

प्रश्न : मुलगी एस.वाय. बीएस्सीला आहे, विषय रसायनशास्त्र. फोर्टच्या एनजीएमए या आधुनिक कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात व्हिडिओ कलाकृती पाहून आली आणि ‘अशा कलाकृती जपायचं काम शिकायचंय’ म्हणते. माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. ज्या धंद्यात आता राम उरला नाही, त्याच्याच वाटेला ती जातेय असं वाटतं. – एक पालक, डोंबिवली

नमस्कार. तुमची काळजी रास्त आहे, पण स्वतःच्या विद्येला कमी लेखू नका. नाम जून पाइक या कलावंताने पिक्चर ट्यूबच्या टीव्ही संचांतून शिल्पं उभी केली. आज तशा ट्यूब बाजारात येत नाहीत. संच बंद पडला की जुना फ्लायबॅक (ट्यूबला उच्च दाबाची वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) शोधून बसवायचा, की त्याच खोक्यात एलसीडी घालायचा? ट्यूबची काच फुगीर, एलसीडी सपाट. चित्र निराळंच दिसतं. काही कलावंतांना ते चालतं, काहींना अजिबात नाही. ते त्यांना विचारून, लेखी नोंदवून मगच स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा. दुरुस्ती आणि संवर्धन यांत फरक आहे तो इथे.

लेकीचं रसायनशास्त्रही वाया जाणार नाही. व्हिडिओ टेपवर चुंबकीय कण धरून ठेवणारा थर हवेतला ओलावा शोषतो. मग टेप चिकटते, लावली की टेप वाचणाऱ्या हेडवर तपकिरी चिकटा जमतो. आपल्या दमट हवेत हा धोका मोठा. अशा काही टेप आधी पन्नासेक अंशांवर तासन्‌तास मंद तापवतात, मगच डिजिटल प्रत काढतात. लेटेक्स, फोम, प्लास्टिकच्या कलाकृतींचंही असंच. एव्हा हेस या शिल्पकर्तीची लेटेक्सची शिल्पं काळी-पिवळी, ठिसूळ झाली आहेत.

सादरीकरणाच्या कलेत तर जपायला वस्तूच नसते. तीनो सेगल या कलावंताची ‘किस’ ही नर्तकांनी सादर करायची कलाकृती न्यूयॉर्कच्या मोमा या कला संग्रहालयाने २००८ मध्ये घेतली, तीही लेखी कराराशिवाय, तोंडी. ती टिकते ती एकाने दुसऱ्याला शिकवल्यामुळे. आपल्याकडे घराण्याची गायकी अशीच टिकली, त्यामुळे आपल्या मुलांना हे परकं वाटायचं कारण नाही.

आता वाट. तिला बीएस्सी पूर्ण करू द्या. मग आधी सर्वसाधारण कला संवर्धनाचं शिक्षण. त्यासाठी नोएडाच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेजमध्ये एम.ए. आहे. माध्यमकलेच्या, म्हणजे व्हिडिओ-डिजिटल कलाकृतींच्या संवर्धनाचं खास शिक्षण स्वित्झर्लंडमधल्या बर्नला, जर्मनीतल्या स्टुटगार्टला आणि न्यूयॉर्क विद्यापीठात मिळतं. न्यूयॉर्कला प्रवेशासाठी विज्ञानाचे कोणते विषय लागतात ते आधी तपासून घ्या; तिचं रसायनशास्त्र तिथे उपयोगी पडेल. खर्च मोठा आहे, म्हणून शिष्यवृत्तीशिवाय कर्ज काढून धाडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. नोकऱ्याही भारतात थोड्याच. सुरुवातीला गॅलऱ्या, खासगी संग्राहक, डिजिटायझेशनची कामं यांवर भागवावं लागेल.

या सुट्टीत तिला काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला संवर्धन केंद्रात चौकशीला पाठवा. आणि दुकानात पडून असलेला एखादा व्हीसीआर तुम्ही दोघांनी मिळून उघडा. कुठला भाग कशाला, तो का बिघडला, कशाने बदलला, हे फोटोंसह तिने लिहून काढावं. प्रवेशाच्या मुलाखतीत दाखवायला ते तिचं पहिलं काम होईल.