हँक ॲरन: नुसता जास्त वर्षं खेळला म्हणून ७५५?

काका, मुलाकडे अटलांटाला येऊन ब्रेव्हज या बेसबॉल संघाची मॅच पाहिलीत, मैदानावर मांडलेल्या ७५५ बॅटी आणि जिकडेतिकडे ४४ आकडा पाहिलात. घरी येऊन आकडेवारी चाळली आणि तुम्हाला वाटलं की हा हँक ॲरन होमरनच्या (चेंडू थेट कुंपणापार मारण्याच्या) विक्रमात जुन्या काळच्या बेब रूथच्या पुढे गेला तो केवळ जास्त खेळून. शिवाय विक्रमही आता त्याच्या नावावर नाही. मग एवढं कौतुक कशाचं, असा तुमचा प्रश्न.

बरोबर आहे तेवढं आधीच मान्य करतो. रूथनं ८,३९९ ॲट-बॅटमध्ये (फलंदाजीच्या खेपांत) ७१४ होमरन मारले, ॲरनला ७५५ साठी १२,३६४ लागल्या. सरासरीत रूथ सरळसरळ वरचढ. ॲरननं एका मोसमात पन्नास कधीच गाठले नाहीत. सर्वाधिक ४७, तेही १९७१ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी. चार मोसमांत मात्र बरोबर ४४, पाठीवरच्या नंबराइतके! फक्त एक लक्षात ठेवा, रूथच्या काळात मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉल स्पर्धेत, काळ्या खेळाडूंना प्रवेशच नव्हता. १९४७ ला जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू आला तेव्हा ते दार उघडलं. म्हणजे रूथला जे पिचर (बेसबॉलमधले गोलंदाज) कधी खेळावेच लागले नाहीत, ते ॲरनच्या वाट्याला आले.

आता उलटा हिशेब करा. ॲरनचे सगळेच्या सगळे ७५५ होमरन पुसून टाका. तरी ३,०१६ हिट्स (फटका मारून बेस, म्हणजे धावण्याचा टप्पा, गाठणं) उरतात, आणि ३,००० हिट्सवाला म्हणजे आपल्याकडच्या दहा हजार धावावाल्याच्या पंगतीतला. मला स्वतःला सगळ्यात आवडणारा आकडा टोटल बेसेसचा. एका फटक्यात किती बेस गाठले ते मोजायचं: सिंगलचा एक, डबलचे दोन, ट्रिपलचे तीन, होमरनचे चार, अशी बेरीज. ॲरन ६,८५६. दुसरा आल्बर्ट पुहोल्स ६,२११. फरक ६४५ बेसचा, आणि दोन बेसमधलं अंतर ९० फूट. म्हणजे दुसऱ्या नंबरच्या माणसापेक्षा हा गडी साडेसतरा किलोमीटरहून जास्त पुढे आहे. हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही, पण त्याबद्दल कुणी बोलत नाही.

ॲरनचा जन्म १९३४ चा, अलाबामातल्या मोबील शहरातला. घरी पैसा नाही, म्हणून बॅट-बॉलऐवजी झाडूचा दांडा आणि सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं. बूच हवेत कसंही भिरभिरतं, त्याला शेवटच्या क्षणापर्यंत बघत राहावं लागतं. पुढे त्याचं मनगट जे उशिरा आणि सपकन फिरायचं, त्याची तालीम बहुधा तिथलीच. शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळे पकडही उलटी: उजव्या फलंदाजानं डावखुऱ्यासारखे हात धरावेत तशी. अठराव्या वर्षी निग्रो लीगच्या, म्हणजे काळ्यांच्या वेगळ्या लीगच्या, इंडियानापोलिस क्लाउन्स संघाकडून खेळायला लागला तरी ती सवय पुरती गेली नव्हती.

त्याच क्लाउन्सबरोबर वॉशिंग्टनला असताना एका हॉटेलात सगळे जेवले. जेवून झाल्यावर आतून आवाज यायला लागला. ज्या थाळ्यांत ही काळी पोरं जेवली, त्या स्वयंपाकघरात फोडत होते. ॲरननं लिहून ठेवलंय की कुत्री जेवली असती तर त्या थाळ्या धुवून घेतल्या असत्या. हे वाचलं तेव्हा मला पुण्याचे दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळू आठवले. मैदानावर विकेटा यांनी काढायच्या, आणि चहाच्या वेळी बाकीचे आत कपबशीत पिणार, यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात.

१९५४ ला मिलवॉकी ब्रेव्हजमध्ये संधी मिळाली, १९५७ ला वर्ल्ड सिरीज (मोसमाची अंतिम मालिका) जिंकली आणि एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडूही झाला. १९६६ ला संघच अटलांटाला आला. १९७३ चा मोसम संपला तेव्हा होमरनचा आकडा होता ७१३. रूथशी बरोबरी करायला एक कमी, आणि मध्ये अख्खा हिवाळा.

त्या वर्षी त्याला सुमारे ९ लाख ३० हजार पत्रं आली. चांगलीही होती, पण जिवे मारण्याच्या धमक्याही ढिगानं. गोऱ्या माणसाचा विक्रम काळ्यानं मोडायचा नाही, एवढंच म्हणणं. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीलाही संरक्षण द्यावं लागलं.

८ एप्रिल १९७४, अटलांटा, समोर डॉजर्स संघाचा पिचर अल डाउनिंग. चार दिवसांपूर्वी सिनसिनाटीत ७१४ वा झालेला. चौथ्या इनिंगमध्ये पहिला चेंडू मातीत गेला. पुढच्यावर ॲरननं त्या दिवसात पहिल्यांदा बॅट फिरवली, आणि चेंडू डाव्या बाजूच्या कुंपणावरून थेट ब्रेव्हजच्या बुलपेनमध्ये (पिचर सराव करतात त्या जागेत). टॉम हाउस नावाच्या त्यांच्याच पिचरनं तो झेलला. व्हिडिओत दिसेल, दुसऱ्या बेसपुढे दोन गोरी पोरं मैदानात घुसून त्याची पाठ थोपटतायत. व्हिडिओत दिसत नाही ते वेगळंच. त्याचा अंगरक्षक, अटलांटा पोलिसातला कॅल्विन वॉर्डलॉ, प्रेक्षकांत बसला होता आणि त्याच्या दुर्बिणीच्या पेटीत रिव्हॉल्वर होतं. पोरं धावली तेव्हा क्षणभरात त्याला ठरवायचं होतं. त्यानं हात आवरला. होम प्लेटवर, म्हणजे फेरी संपते त्या जागी, आईनं मुलाला जी मिठी मारली ती सोडेचना. माइकवर ॲरन आनंदाचं काही बोललाच नाही. देवाचे आभार, संपलं एकदाचं, एवढंच.

राहिला बॅरी बाँड्स, विक्रम आता ज्याच्या नावावर आहे तो. २००७ मध्ये त्यानं ७५६ वा मारला, शेवट ७६२ वर केला, पण स्टेरॉइडच्या संशयामुळे अर्धी जनता तो आकडा मनापासून मानत नाही. ॲरन त्या रात्री मैदानात नव्हता. मोठ्या पडद्यावर त्याचा अभिनंदनाचा रेकॉर्ड केलेला संदेश दाखवला, नीट, सभ्य शब्दांत. माझं मत विचाराल तर यादीत बाँड्स पहिला, त्यात वाद नाही. पण तुम्ही विचारलंत कौतुकाचं, आणि ते यादीवरून ठरत नाही.

तुम्ही पाहिलंत ते मैदान २०१७ चं. ७१५ वा जिथं मारला ते जुनं स्टेडियम १९९७ ला पाडलं, पण चेंडू ज्या कुंपणावरून गेला त्याची जागा पार्किंगमध्ये खूण करून ठेवली. ती जमीन आता जॉर्जिया स्टेट विद्यापीठाकडे आहे. आत सोडतात का ते मुलाला आधी विचारून घ्यायला सांगा, आणि परतायच्या आधी एकदा जाऊन या.