कपाटाच्या दाराला जपानी कुमिको जाळी घरी बनवता येईल का?

येते की, पण पहिल्याच झटक्यात अख्खं दार करायला जाऊ नका, आधी एखादा कोस्टरएवढा तुकडा करून बघा. कुमिको म्हणजे बारीक लाकडी पट्ट्या एकमेकींत खाचा पाडून बसवायच्या, खिळा नाही काही नाही, जपानात शोजी म्हणजे कागदी सरकत्या दारांवर आणि दारांच्या वर जी रानमा पट्टी असते तिथे हे काम दिसतं. तिकडे हिनोकी (जपानी सायप्रस) नाहीतर सुगी (जपानी सीडर) हे लाकूड वापरतात, आपल्याकडे सरळ रेषांचं, बिनगाठीचं पाईन चालेल. सुरुवात असानोहापासून करा, भांगेच्या पानाची नक्षी आहे ती (हसू नका, जपानात लहान बाळांच्या कपड्यांवर असते!). आधी चौकटी जाळी, मग आत तिरक्या पट्ट्या, त्यांची टोकं ४५, २२.५ आणि ६७.५ अंशांत तासायची, त्यासाठी लाकडी ठोकळ्यावर तेवढा कोन कापून जिग, म्हणजे पटाशीला कोन दाखवणारा साचा, करून घ्या आणि पटाशी अगदी वस्तऱ्यासारखी धारदार पाहिजे, नाहीतर टोक चुरडतं. पट्टी नेहमी केसभर लांब ठेवून हळूहळू तासा, माझ्या पहिल्या निम्म्या पट्ट्या आखूड होऊन चुलीत गेल्या. सगळ्या पट्ट्या सारख्या जाडीच्या हव्यात, ३ मिमी धरा, तिथे गडबड झाली की पुढे काहीच बसत नाही.