कर्करोग अंगात ठेवून थांबायचे कसे?

कर्करोग आहे हे कळल्यावर तो लगेच काढून का टाकायचा नाही, हा प्रश्न प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीच्या, कमी जोखमीच्या कर्करोगाचे निदान झालेल्या बहुतेक घरांतून येतो, आणि बहुधा रुग्णाआधी तो नातेवाइकांच्या तोंडी असतो. माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या अशाच एका कुटुंबाचा अनुभव येथे देत आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

गृहस्थ ६४ वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले. पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण) ६.८, आणि बायोप्सीच्या १२ तुकड्यांपैकी दोनांत ग्लीसन (पेशी किती आक्रमक दिसतात याचे गुण) ३+३, म्हणजे ६ गुणांचा कर्करोग. पीएसए १० च्या खाली, ग्लीसन ६ आणि गाठ ग्रंथीच्या आतच व लहान, असे तिन्ही जुळले की डॉक्टर त्याला कमी जोखमीचा म्हणतात. यूरोसर्जननी शस्त्रक्रिया आणि सक्रिय देखरेख (लगेच उपचार न करता ठरावीक काळाने तपासण्या करत राहणे) हे दोन्ही पर्याय समजावून, विचार करून या, असे सांगितले होते. बंगळूरचा मुलगा शस्त्रक्रियेची तारीख घेण्यासाठी रोज फोन करत होता, तर देखरेख म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असा पत्नीचा समज झाला होता. गृहस्थांनी रिपोर्टातील ‘अ‍ॅडिनोकार्सिनोमा’ या कर्करोगदर्शक शब्दाखाली पेन्सिलीने दोनदा रेघ ओढली होती. त्याच्याच खालच्या ओळीतील ग्लीसनच्या आकड्यांकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नव्हते.

बोलता बोलता कळले की पत्नीचे थोरले बंधू तोंडाच्या कर्करोगाने गेले होते. जखम बरी होत नसतानाही त्यांनी दवाखाना लांबवला आणि निदान होईपर्यंत वेळ निघून गेली. त्या बाईंचा धसका निराधार नव्हता. मात्र तोंडाचा कर्करोग आठवड्यांच्या हिशेबाने हातचा जाऊ शकतो, तर ग्लीसन ६ चा प्रोस्टेटचा कर्करोग बहुधा वर्षानुवर्षे जागचा हलत नाही. म्हणून एकाचा अनुभव दुसऱ्याला लावता येत नाही, हे मी त्यांना सावकाश सांगितले.

मग आकडे पाहिले. ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ या अभ्यासात १,६४३ पुरुषांना निरीक्षण, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन अशा तीन गटांत चिठ्ठी टाकल्याप्रमाणे विभागले होते. त्याचे १५ वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रोस्टेटच्या कर्करोगाने झालेले मृत्यू निरीक्षण गटात ३.१ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात २.२ टक्के आणि रेडिएशनच्या गटात २.९ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. दुसरी बाजूही मी झाकून ठेवली नाही. आजार ग्रंथीबाहेर दूरवर पसरण्याचे प्रमाण निरीक्षण गटात ९.४ टक्के, म्हणजे शस्त्रक्रियेच्या गटातील ४.७ टक्क्यांच्या दुप्पट होते, आणि त्या गटातील सुमारे ६१ टक्के पुरुषांनी १५ वर्षांत केव्हा ना केव्हा शस्त्रक्रिया किंवा रेडिएशनसारखे मूलगामी उपचार घेतलेच. त्या अभ्यासात सगळेच रुग्ण कमी जोखमीचे नव्हते आणि निरीक्षणाचा भर मुख्यतः पीएसएवर होता. आजची देखरेख अधिक काटेकोर असते. दर तीन ते सहा महिन्यांनी पीएसए, वेळोवेळी बोटाने तपासणी, एमआरआय आणि साधारण वर्षभराने पुन्हा बायोप्सी, असे तिचे स्वरूप असते. ग्लीसन वाढला की उपचार सुरू करण्याचा विचार होतो आणि बहुतेकांच्या बाबतीत तो तेव्हाही बरा करण्याच्या हेतूनेच केला जातो.

पत्नी औषधांच्या दुकानात गेल्या तेव्हा गृहस्थांनी आवाज खाली आणून शस्त्रक्रियेनंतर पॅड वापरावे लागतात का, असे विचारले. त्याच अभ्यासात सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटातील ४६ टक्के पुरुष पॅड वापरत होते, सहा वर्षांनी १७ टक्के. निरीक्षण गटात हे प्रमाण अनुक्रमे ४ आणि ८ टक्के होते. पुढचा प्रश्न त्यांच्या ओठांवर आला नाही, म्हणून तो मीच मांडला. लैंगिक क्षमतेवर शस्त्रक्रियेचा परिणाम सर्वांत जास्त होतो. वयाने ती निरीक्षण गटातही घटते, परंतु हळूहळू. माझ्या मते हे बोलणे जोडप्याने एकत्र करावे. नंतर त्यांनी ते केलेही.

देखरेख सर्वांना मानवते असे नाही. गेल्या वर्षी आलेल्या एका गृहस्थांना प्रत्येक पीएसएच्या आधी पंधरा दिवस झोप लागत नसे आणि तपासणीसाठी तालुक्याहून यायला दिवस मोडत असे. त्यांनी परिणामांची पूर्ण कल्पना घेऊन शस्त्रक्रिया करून घेतली, आणि तो निर्णय त्यांच्यापुरता योग्यच होता. घरात सख्खा भाऊ किंवा वडील याच आजाराने गेले असतील, तर तेही डॉक्टरांना आधी सांगावे. प्रोस्टेट वाढल्याबद्दल ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड सुरू असेल, तर तेही सांगावे, कारण या गोळ्यांनी पीएसए जवळजवळ निम्म्याने कमी दिसतो.

या कुटुंबाने बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) आधी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात दुसऱ्या मतासाठी दिले. ग्लीसन ६ च कायम राहिल्यावर गृहस्थांनी देखरेख निवडली. प्रत्येक रिपोर्ट त्याच दिवशी आपल्याला पाठवायचा, अशी अट मुलाने फोनवर घातली. वडिलांनी ती मान्य केली, पण रिपोर्ट कसाही आला तरी डॉक्टरांशी बोलणे होईपर्यंत शस्त्रक्रियेचा विषय काढायचा नाही, हे त्याच फोनवर त्याच्याकडून कबूल करून घेतले.