टँगवर पांढरे ठिपके: आधी कल्ले मोजा, मग ठरवा

ताई, तुमच्या ब्लू टँग माशावरच्या ठिपक्यांबद्दल तुम्ही विचारलंत. कुठलंही औषध टाकण्याआधी एक काम करा. मोबाइलवर एक मिनिट लावा आणि टँगचे कल्ले किती वेळा उघडमीट करतात ते मोजा. मग दोन्ही क्लाउनफिशचे मोजा. खाणं टाकायच्या आधी मोजायचं आणि काचेपासून दोन हात लांब बसून मोजायचं. जवळ गेलात तर ते घाबरतील आणि आकडा फुगेल. तिन्ही आकडे कागदावर लिहा, वेळेसकट.

तुमचा टँक खाऱ्या पाण्याचा, २०० लिटरचा, ३ फुटी, दीड वर्ष चाललेला. त्यात दोन ऑसेलॅरिस क्लाउन, दोन क्लीनर श्रिंप (माशांचं अंग साफ करणाऱ्या कोळंब्या) आणि थोडे स्नेल, म्हणजे गोगलगायी. तीन आठवड्यांपूर्वी बोटभर लांबीचा ब्लू टँग आणला आणि थेट टँकमध्ये सोडला. चार दिवसांपासून त्याच्या अंगावर पांढरे ठिपके आहेत, खडकाला अंग घासतो, पण खातो. परवा संध्याकाळी तो खडकात आडवा पडलेला दिसला. कालपासून एक क्लाउन भराभर श्वास घेतोय. दुकानदाराने निळ्या पाण्याची बाटली दिली आहे, दहा थेंब टाका म्हणून. घरात तीन मतं पडली आहेत: ते थेंब टाकावेत, लसूण खायला घालून वाट बघावी, की टँगचे हाल थांबवावेत.

यातलं एकही आत्ता करू नका. बाटली तर टँकच्या जवळपासही ठेवू नका. नाव नसलेलं निळं पाणी म्हणजे मोरचूद, म्हणजे तांब्याचं मीठ, असू शकतं. तांब्यावर परजीवी मरतात हे खरं, पण श्रिंप आणि स्नेलही मरतात. शिवाय टँकमधले खडक (लाइव्ह रॉक) आणि प्रवाळाची वाळू (कोरल सँड) तांबं शोषून घेतात, मग पाण्यात नेमकं किती उरलं ते टेस्ट किटशिवाय कुणालाच सांगता येत नाही. कमी पडलं तर परजीवी जगतो, जास्त झालं तर मासा मरतो.

आता श्वासाबद्दल. माझे निरोगी क्लाउन २६ अंशांच्या पाण्यात शांत असताना मिनिटाला ६० ते ८० वेळा कल्ले हलवतात. शांत बसलेल्या माशाचा आकडा शंभराच्या वर गेला तर मी सकाळची वाट बघत नाही. ठिपके डोळ्यांना दिसतात म्हणून आपण त्यांच्याकडेच बघत बसतो, पण मासा मरतो तो कल्ल्यांमुळे. कल्ल्यांत परजीवी भरले की अंग स्वच्छ दिसत असतानाही मासा गुदमरून जातो.

तिन्ही मासे एकाच वेळी धापा टाकायला लागले असतील तर आधी पाण्यावर संशय घ्या. अमोनिया तपासा, तापमान बघा, रात्री लाइट गेली होती का ते आठवा. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना सव्वासहाच्या आसपास. मे महिन्यात बंद घरात टँक ३१ वर गेला आणि वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंखा) तासभर बंद राहिला, तर आजार नसतानाही मासे वर येऊन तोंड उघडतात. तुमच्याकडे मात्र आधी एक, मग दुसरा, असं झालंय. हे संसर्गाचं लक्षण आहे. तरी आत्ताच एक एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडा, त्याने नुकसान काही नाही.

मग प्रश्न उरतो तो कुठला परजीवी आहे याचा. पांढऱ्या उजेडात, टँकचे निळे दिवे बंद करून, माशाकडे तिरकस बघा. मरीन इच, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन, रव्याच्या कणांसारखा दिसतो: सुटे, मोजता येतील असे दाणे, पंखांवर जास्त. वेल्वेट, म्हणजे अमायलूडिनियम, बारीक पिठासारखा असतो, मोजताच येत नाही, आणि कधीकधी त्याला पिवळसर झाक असते. वेल्वेट झालेला मासा उजेड टाळतो, वेव्हमेकरच्या धारेत तोंड देऊन उभा राहतो आणि एकदम खाणं सोडतो. क्लाउनच्या अंगावरून शेवाळी-पांढऱ्या चिकट साली सुटायला लागल्या, तर तो तिसराच प्रकार, ब्रुकलिनेला. त्यावर तांबं चालत नाही, फॉर्मेलिनची मोजून अंघोळ लागते. ते मी इथे लिहून देणार नाही. फॉर्मेलिनची वाफ माणसालाही घातक आहे, तशी वेळ आली तर समोरासमोर शिकून घ्या.

तुमच्या वर्णनावरून टँगला इच आहे असं मला वाटतं. क्लाउनबद्दल मी साशंक आहे, म्हणून त्याचा आकडा मला हवा आहे.

लसणाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मी स्वतः इथे फसलोय. २०११ मध्ये माझ्या कोरल ब्युटीवर गुरुवारी ठिपके दिसले. मी रोज लसणाचा रस लावून म्हावरं द्यायला लागलो. सोमवारी सकाळी दिवे लागले तेव्हा मासा लख्ख होता. एकही दाणा नाही. मला इतका आनंद झाला की ओळखीच्या चार टँकवाल्यांना मी फोन करून लसणाचा उपाय सांगितला. बाराव्या दिवशी पाचही माशांवर एकदम दाणे उमटले. चार दिवसांत पाचही गेले. शेवटची यलो टँग होती, ती वेव्हमेकरसमोर तोंड उघडं ठेवून रात्रभर उभी राहिली आणि मी खुर्ची टाकून तिच्यासमोर बसलो होतो. करण्यासारखं तेव्हा काही उरलं नव्हतं.

लसणाने काहीच केलं नव्हतं. इच माशाच्या कातडीत तीन ते सात दिवस राहून पोट भरतो आणि मग स्वतःच गळून पडतो. तळाशी, खडकावर, काचेवर चिकटून तो कवच करतो आणि आत त्याची शेकडो पिल्लं होतात. बहुतेक कवचं तीन दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत फुटतात, पण एखादं दहा आठवडेही टिकतं. बाहेर पडलेल्या पिल्लाला साधारण एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ते मरतं. म्हणून ठिपके गेले की मासा बरा झाला असं समजू नका. उद्या-परवा तुमच्या टँगवरचे दाणेही जातील आणि घरात सगळ्यांना हायसं वाटेल. त्या दिवशीही तुम्ही मासे बाहेर काढण्याच्या तयारीत असायला हवं.

क्लीनर श्रिंप हा परजीवी संपवत नाहीत, कारण तो कातडीच्या आत असतो. यूव्ही दिवा लावलात तर पाण्यात पोहणारी पिल्लं कमी होतात, संपत नाहीत. ‘रीफसेफ’, म्हणजे प्रवाळ-श्रिंपना अपाय न करणारं, असं लिहिलेल्या बाटल्यांवर मी बराच पैसा घालवला आहे आणि त्यातून एकही मासा वाचलेला मला आठवत नाही.

इच असेल तर माझं मत स्पष्ट आहे: तिन्ही मासे बाहेर काढा आणि दर तीन दिवसांनी टब बदला. ही पद्धत इस्रायलमधल्या एलातच्या अँजेलो कोलोर्नी यांच्या १९८७ च्या कामावर उभी आहे आणि आपल्याकडे ती सगळ्यात सोयीची आहे, कारण तिला औषध लागत नाही आणि तांब्याचं टेस्ट किटही लागत नाही. भांड्यांच्या दुकानातून ६० लिटरचे दोन प्लॅस्टिक टब आणा, नवेच. प्रत्येकाला वेगळा हीटर, वेगळा एअरस्टोन, लपायला पीव्हीसी पाइपचे दोन-तीन तुकडे. वाळू नाही, खडक नाही. वर जाळी बांधा, क्लाउन उडी मारतात.

पहिल्या दिवशी मासे पहिल्या टबात. चौथ्या दिवशी सकाळी दुसऱ्यात. मग सातव्या आणि दहाव्या दिवशी तसंच, आणि तेराव्या दिवशी बाहेर. ७२ तास ओलांडायचे नाहीत, कारण गळून पडलेल्या इचची कवचं फुटण्याआधी मासा तिथून निघून जायला हवा. प्रत्येक वेळी जुन्या टबातलं पाणी जमेल तितकं मागे ठेवा. रिकामा टब, हीटर, पाइप सगळं गरम पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण कोरडं करा. ओलसर राहिलं तर तेरा दिवसांची मेहनत वाया जाईल. ६० लिटरला साधारण सव्वादोन किलो सॉल्ट मिक्स (समुद्राचं पाणी बनवायचं मीठ) लागतं, म्हणजे चार वेळा मिळून नऊ किलो. नव्या पाण्याची क्षारता आणि तापमान आधीच्या पाण्याशी जुळलेलं हवं. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आधी ३५ पीपीटीच्या प्रमाण द्रावणावर तपासून घ्या.

टबात फिल्टर नाही, म्हणून दिवसातून दोनदा अगदी थोडं खाणं, आणि उरलेलं लगेच नळीने ओढून घ्यायचं. अमोनिया बांधून ठेवणारं द्रव या पद्धतीत चालतं. तांब्याबरोबर मात्र ते कधीही वापरू नका.

पकडताना जाळं नको. टँगच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना चाकूसारखा काटा असतो, तो जाळ्यात अडकला की मासा फाटतो आणि आपलं बोटही. खडक काढून ठेवा, पाणी निम्म्यावर आणा आणि प्लॅस्टिकच्या पारदर्शक डब्यात त्याला हाकत न्या. अर्धा दिवस जाईल, जाऊ द्या.

तेराव्या दिवसानंतर मासे मोठ्या टँकमध्ये परत टाकायचे नाहीत. तो टँक ७६ दिवस माशांविना ठेवा. श्रिंप आणि स्नेल तिथेच राहू द्या, त्यांना आठवड्यातून दोनदा चिमूटभर खाणं पुरेल. तोवर माशांसाठी स्पंज फिल्टर लावलेला साधा टँक लागेल. इथे बरेच जण चुकतात: सम्पमधलाच (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीतला) तयार स्पंज उचलून आणतात आणि त्याला चिकटलेली कवचंही सोबत येतात. नवा स्पंज घ्या आणि आजपासूनच बाटलीतले बॅक्टेरिया घालून तो वेगळ्या बादलीत तयार करायला घ्या.

क्लाउनचा आकडा शंभराच्या वर असेल आणि अंगावर पिठासारखं दिसत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. वेल्वेटमध्ये हातात एक-दोन दिवस असतात आणि टब बदलून तो खात्रीने जात नाही. तेव्हा तांबंच लागतं, तेही मोठ्या टँकबाहेर, पॅकबंद चिलेटेड प्रकारचं, साधारण २ ते २.५ पीपीएमवर, त्याच प्रकाराला चालणाऱ्या किटने रोज मोजून, ३० दिवस. किट हातात नसेल तर तांबं टाकू नका, आधी किट मिळवा, टॅक्सी करून आणावं लागलं तरी आणा. तोवर गोड्या पाण्याची ५ मिनिटांची अंघोळ थोडा श्वास मोकळा करते. आरओचं पाणी, तेच तापमान, खाण्याचा सोडा घालून पीएच ८.२ च्या आसपास, आत एअरस्टोन. मासा बुडाशी जाऊन गप्प बसेल, त्याला घाबरू नका. शुद्ध हरपून लुळा पडला तर लगेच बाहेर काढा.

आता तिसरं मत, हाल थांबवण्याचं. टँग आडवा पडलेला बघून तुम्ही घाबरलात हे मी समजू शकतो. पण ब्लू टँगची ती सवयच आहे. घाबरला की किंवा झोपताना तो दगडाच्या फटीत कुशीवर पडतो, मेल्यासारखा. परवा आडवा पडलेला मासा काल खात होता ना? मग त्याला मारायचा विचार मनातून काढून टाका. खाणारा मासा उपचार सोसतो.

वेळ येते ती वेगळी दिसते. अनेक दिवस खाल्लेलं नाही, पाण्याच्या धारेबरोबर वाहत जातोय, बोट जवळ नेलं तरी डोळा फिरत नाही, उपचार सुरू करून दोन-तीन दिवस झाले तरी श्वास उतरत नाही. हे सगळं एकत्र असेल तर त्याला आणखी ताणणं मला पटत नाही. तेव्हा केमिस्टकडे मिळणारं लवंगेचं तेल घ्या. भांड्यातल्या दर लिटर पाण्यामागे अर्धा मिलि या हिशोबाने ते छोट्या बाटलीत कोमट पाण्याबरोबर दुधासारखं होईपर्यंत हलवा. मासा त्याच्याच टँकच्या पाण्यात वेगळ्या भांड्यात घ्या आणि हे मिश्रण हळूहळू सोडा. आधी तो गुंगतो, मग कलंडतो, मग कल्ले थांबतात. कल्ले थांबल्यावरही अर्धा तास तसाच राहू द्या. फ्रीजरमध्ये ठेवणं किंवा जिवंत मासा संडासात सोडणं हे क्रूर आहे, ते करू नका.

समुद्रात सोडायचा विचारही नको. ऑसेलॅरिस आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरचा मासा नाही, ब्लू टँगही नाही, आणि आजारी मासा सोबत काय घेऊन जाईल ते आपल्या हातात नसतं. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९८५ मध्ये पहिला लायनफिश सापडला, मूळचा हिंद-प्रशांत महासागरातला, बहुधा कुणाच्या तरी टँकमधून सुटलेला. आज तो कॅरिबियनभर पसरलाय.

एक गोष्ट आत्ता बोलायची नाही, पण लिहून ठेवतो. हा टँग ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि दिवसभर लांब पल्ल्याने पोहतो. ३ फुटी टँकमध्ये तो सतत ताणाखाली राहील, आणि ताण आला की हाच मासा सगळ्यात आधी इच धरतो. वाचला की ६ फुटी टँक असलेलं घर शोधू, मी मदत करतो. तुमच्या लेकीला हे आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे तेव्हा तिला धक्का बसणार नाही. क्लाउन तुमच्याकडे आरामात राहतील.

कल्ल्यांचे आकडे आणि पांढऱ्या उजेडातला दहा सेकंदांचा व्हिडिओ रात्री पाठवा, मी जागा आहे. सॉल्ट मिक्स मात्र त्याआधीच भिजवायला घ्या. इच निघो नाहीतर वेल्वेट, ६० लिटर नवं पाणी तुम्हाला सकाळी लागणारच आहे, आणि ते रात्रभर एअरस्टोनवर फिरलेलं हवं.