वाचकांचे प्रश्न : बार्शी लाइट रेल्वे

प्रश्न : कुर्डुवाडीहून बार्शी-लातूर आणि पंढरपूर-मिरजेकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वे नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची, का बांधली? आणि पुढे तिचं रुंदीकरण करताना नुसते रूळ लांब सरकवून का भागलं नाही?

उत्तर : रुळांमधलं 762 मिलिमीटर अंतर सगळ्यांना ठाऊक असतं, पण या लाइनचा खरा आकडा 5 टन आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने ठरवलं की इंजिन असो, डबा असो वा वाघीण (मालाचा डबा), कुठल्याही आसावर, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर, 5 टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. तेवढ्या भाराला यार्डाला 30 पौंडांचे, म्हणजे मीटरला जेमतेम 15 किलोचे रूळ पुरतात. भराव आणि पूलही बेताचे चालतात, आणि खर्च आटोक्यात राहतो. चार आसांच्या वाघिणीचं मालासकट वजन 20 टनांपर्यंत नेता येई. लीड्सच्या किटसन कंपनीच्या इंजिनांना एकमेकांना जोडलेली आठ चाकं होती ती हौसेखातर नव्हे. ओढायला वजन हवं, पण ते एका जागी नको, म्हणून ते चार आसांवर वाटलेलं.

रुंदीकरणात नेमकी हीच काटकसर आडवी आली. आज भरलेल्या ब्रॉडगेज (रुंद रुळांवरच्या) वाघिणीच्या एकेका आसावर 20 टनांहून अधिक भार येतो आणि रूळ मीटरला 52 किंवा 60 किलोचे लागतात. जुन्या पुलांना हे पेलणारं नव्हतं. नॅरोगेजची तीव्र वळणंही लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या कामाची नव्हती. म्हणून भराव, पूल, काही ठिकाणी मार्गसुद्धा नवा करावा लागला. जुनी लाइन धाराशिवला टाळून येडशीवरून जायची. रुंदीकरणात ती धाराशिवला वळवली, आणि जिल्ह्याच्या गावाला स्टेशन मिळालं ते 2007-08 च्या सुमारास! या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, असं आमचं मत.

प्रश्न : एवढी हिशेबी लाइन मग मागे का पडली?

उत्तर : गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर, बदललं की माल उतरवून पुन्हा भरावा लागतो. 1897 मध्ये बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली तेव्हापासून कुर्डुवाडीला (तेव्हाचं बार्शी रोड) हे चालू होतं, कारण मुंबई-सोलापूर लाइन ब्रॉडगेज. पंढरपूर 1906 मध्ये आणि लातूर 1911 मध्ये जोडलं गेलं. 1927 मध्ये लाइन मिरजेला पोचली, तर तिथे मीटरगेज, म्हणजे मीटरभर अंतराचे रूळ! म्हणजे दोन्ही ठिकाणी हमाली, खोळंबा, मालाची नासधूस. ट्रक दारातून माल उचलू लागल्यावर हे कोण सोसणार? वारीच्या गर्दीचं तसं नव्हतं. माणसं आपल्या पायांनी गाडी बदलतात, त्यामुळे पंढरपूरची वाहतूक टिकून राहिली. कंपनीची ही लाइन सरकारने 1954 मध्ये घेतली.

प्रश्न : लातूर आणि लातूर रोड ही स्टेशनं एकच का?

उत्तर : नव्हेत, आणि तिकीट काढताना इथेच घोटाळा होतो. नावात ‘रोड’ असलं की बहुधा गाव दूर असतं आणि स्टेशनापासून पुढे रस्त्याने जावं लागतं. लातूर रोड हे चाकूर तालुक्यात, परळी-विकाराबाद लाइनवर, लातूर शहरापासून तीसेक किलोमीटरवर आहे. कळंब रोडचंही तेच. तिथे उतरलात म्हणजे कळंबला पोचलात असं नव्हे.