एमपीबीचा बँडगॅप एक आणि मीपचा वेगळाच, कुणाचं धरायचं?

दोघांचंही. दोन्ही फोटॉनिक क्रिस्टलचे, म्हणजे प्रकाश अडवणाऱ्या नियमित रचनेचे प्रोग्राम: एमपीबी कुठल्या फ्रिक्वेन्सी आत चालतात (बँड) आणि कुठल्या चालत नाहीत (बँडगॅप) ते काढतो, मीप त्यातून लाट सोडून पलीकडे किती पोहोचते (ट्रान्समिशन) ते बघतो. तुमची चौरस जाळी आहे, हवेत उभ्या कांड्या, एप्सिलॉन (कांडीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक) 12, त्रिज्या लॅटिस कॉन्स्टंटच्या, म्हणजे दोन कांड्यांमधल्या अंतराच्या 0.2 पट. एमपीबी टीएमचा (विद्युत क्षेत्र कांडीच्या दिशेला) गॅप 0.283 ते 0.419 देतो (फ्रिक्वेन्सी, लॅटिस कॉन्स्टंट भागिले तरंगलांबी अशी) आणि मीपमध्ये ट्रान्समिशन 0.283 च्या बरंच आधी कोसळतं, ही तुमची तक्रार.

एमपीबीचा आकडा सगळ्या दिशांचा मिळून असतो. पहिल्या बँडचं टोक एम बिंदूवर, म्हणजे कर्णाच्या दिशेला आहे, आणि दुसऱ्याचा तळ एक्सवर, म्हणजे चौकोनाच्या बाजूच्या दिशेला. मीपमध्ये तुम्ही लाट गॅमा-एक्स (मध्यापासून एक्सकडे) दिशेनं सरळ सोडलीत. त्या दिशेला पहिला बँड एक्सवर संपतो आणि तिथली फ्रिक्वेन्सी एमपेक्षा कमी, म्हणून दरी आधीच सुरू होते. वरची कड मात्र 0.419 च्या आसपासच यायला हवी. तपासायची ती कड. जुळली नाही तर आधी पोलरायझेशन बघा: एमपीबीतल्या टीएमसाठी मीपमध्ये सोर्स ईझेड (कांडीच्या दिशेचं विद्युत क्षेत्र) हवा. काही पुस्तकं टीई-टीएम नेमकं उलटं लिहितात, आणि टीईला इथे पहिल्या दोन बँडांमध्ये गॅपच नाही.

आता तुमचं ट्रान्समिशन 1.3, म्हणजे सोडलेल्यापेक्षा जास्त, कसं येतं ते. क्रिस्टल काढून रेफरन्स रन घेतलात का? सेल (गणनेचा चौकोन), सोर्स आणि फ्लक्सची रेघ (जिथे ऊर्जा मोजता ती) तीच ठेवून? तरीही पल्सच्या फ्रिक्वेन्सी पट्ट्याच्या दोन्ही टोकांना ऊर्जा नगण्य असते, तिथे शून्याला शून्यानं भागल्यासारखं होतं. तो भाग सोडून द्या किंवा पल्सची फ्रिक्वेन्सीतली रुंदी वाढवा.

सगळ्यात जास्त घोळ बाउंड्रीत होतो. नुसतं पीएमएल(1.0) (कडेला लाट शोषून घेणारा थर) लिहिलं की मीप तो सगळ्या बाजूंना लावतो, आणि वायमध्ये एकाच कांडीएवढा सेल असेल तर तो अख्खा सेल खातो. दिशा फक्त एक्स द्या, जाडी 2 ठेवा. वायसाठी के-पॉइंट शून्य द्यायला विसरू नका, त्यानं त्या दिशेला रचना पुन्हा पुन्हा येते असं धरलं जातं. दिलाच नाही तर तिथे धातूची भिंत धरली जाते.

आलेखातल्या लाटा खऱ्या की खोट्या? रनची वेळ दुप्पट करा. हलल्या तर रन लवकर थांबला होता. कांड्यांच्या ओळी 5 वरून 10 केल्यावर दाट झाल्या, तर त्या क्रिस्टलच्या दोन तोंडांमधल्या परावर्तनाच्या, म्हणजे खऱ्या.

रिझोल्यूशन (एका लॅटिस कॉन्स्टंटमध्ये किती बिंदू) 16, 32, 64 असं वाढवत गॅपच्या कडा स्थिरावतात का बघा. प्रत्येक दुपटीला 2डीत वेळ 8 पट, 3डीत 16 पट. इंदूरच्या तुमच्या लॅबमधल्या 8 जीबीच्या मशीनला 2डी काहीच नाही. 3डी मात्र रात्री सराफ्याला निघताना लावायचं आणि सकाळी पोहे-जिलेबी झाल्यावर बघायचं.

1550 नॅनोमीटरसाठी गॅपचा मध्य 0.351 धरला, तर लॅटिस कॉन्स्टंट 544 आणि कांडीचा व्यास सुमारे 218 नॅनोमीटर येतो. हे आकडे अनंत उंचीच्या कांड्यांचे आहेत, तेव्हा फॅब्रिकेशनला तसेच पाठवू नका. उंची मर्यादित झाली की कडा सरकतात, आणि लाइट लाइनच्या (ज्याच्या वर प्रकाश हवेत निसटू शकतो ती रेषा) वरचे मोड वरखाली गळतात.